परवलीचा शब्द आणि उसना आवाज : चोरांना फजीत करणाऱ्या बालनायकाचा इतिहास

लहान मुलाने धटिंगण चोरांची दाणादाण उडवावी, ही कल्पना प्रहसनाच्या क्षेत्रात विसाव्या शतकात विशेष लोकप्रिय झाली. अशा कृतींतील चोरांचे घसरणे, आपटणे व भाजणे तेवढे प्रेक्षकांच्या स्मरणात राहते. तथापि काही प्रमुख कृती कालक्रमाने तपासल्या असता, मुलाचे भाषेवरील प्रभुत्वही चोरांच्या पराभवास तितकेच कारणीभूत होते असे दिसून येते. हे प्रभुत्व कोणाच्या आधारावर उभे असते, हा या इतिहासातील महत्त्वाचा प्रश्न होय.

पूर्वपीठिका म्हणून ल्यूमिएर बंधूंच्या १८९५ मधील एका मूकपटाचा निर्देश करता येईल. त्यात एक व्रात्य मुलगा माळ्याच्या नळीवर पाय देतो; पाणी का थांबले म्हणून माळी नळीत डोकावतो आणि चिंब भिजतो. येथे अपराधी मुलगाच असून अखेरीस तोच मार खातो.

ओ. हेन्री या अमेरिकन कथाकाराच्या १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द रॅन्सम ऑफ रेड चीफ’ या कथेत अपराधाची जागा बदलते. अलाबामा राज्यातील समिट गावच्या एका धनिकाच्या दहा वर्षांच्या मुलास बिल व सॅम हे भामटे पळवितात. मुलगा स्वतःस आदिवासींचा सरदार म्हणवितो आणि त्या दोघांचेही नामकरण करतो : बिल हा त्याने पकडलेला शिकारी, तर सॅम हा सर्पनेत्र हेर. नाव ठेवणारा धनी ठरतो आणि अपहरणकर्तेच कैदी होतात. निवेदक सॅम भारदस्त शब्द योजावयास जातो व फसतो. पोराचा शब्द मात्र हुकुमासारखा चालतो. पंधराशे डॉलरांची खंडणी मागणारी ही जोडी शेवटी मुलाच्या बापालाच अडीचशे डॉलर मोजून सुटका करून घेते.

एरिख केस्टनर या जर्मन लेखकाच्या १९२९ मधील ‘एमील आणि गुप्तहेर’ या कादंबरीत भाषेचे सामर्थ्य एका मुलाचे न राहता समूहाचे होते. आगगाडीत चोरीस गेलेले एमीलचे १४० मार्क परत मिळविण्यासाठी बर्लिनमधील अनोळखी मुले धावून येतात. एमीलचे नाव हाच त्यांचा परवलीचा शब्द. एक लहानगा तर पाठलागाची मौज सोडून, निरोप घेण्यासाठी घरी दूरध्वनीपाशी बसून राहतो. उलट चोर ठिकठिकाणी निराळे नाव सांगतो आणि नोटांवरील टाचणीच्या भोकांबरोबर ही नावेही त्याच्यावर उलटतात. गेरहार्ट लांप्रेख्टने १९३१ मध्ये या कादंबरीवर चित्रपट काढला. १० मे १९३३ रोजी बर्लिनमध्ये केस्टनरची पुस्तके जाळण्यात आली, तेव्हा तो स्वतः तेथे उपस्थित होता. चित्रपटात एमील झालेला रॉल्फ वेंकहाउस आणि दूरध्वनीपाशी बसलेला लहानगा हान्स आल्ब्रेख्ट ल्योर, हे दोघेही पुढे १९४२ मध्ये महायुद्धात मारले गेले. मुलांच्या ज्या परस्परविश्वासाचे चित्र या कृतीने रेखाटले, त्याला प्रौढांच्या जगाने थारा दिला नाही.

जॉन ह्यूजने लिहिलेल्या व ख्रिस कोलंबसने दिग्दर्शित केलेल्या ‘होम अलोन’ (१९९०) या चित्रपटात असा समूह उरलेलाच नाही. शिकागोनजीकच्या उपनगरात, नाताळच्या सुमारास, घरच्यांच्या नजरचुकीने मागे राहिलेला आठ वर्षांचा केव्हिन यंत्राचा आधार घेतो. गुंडपटातील संवाद चित्रफितीवरून ऐकवून तो चोरास पिटाळतो. पोलिसांना दूरध्वनी करताना शेजाऱ्याचे आडनाव सांगतो. १९२९ मध्ये खोटे नाव ही चोराची खूण होती. १९९० मध्ये ते मुलाचे साधन बनले आहे. चोर मात्र नाव मिरविण्याच्या हव्यासापायी बुडतात. ‘ओले दरोडेखोर’ म्हणवून घेण्यासाठी त्यांनी लुटलेल्या घरांत सोडलेले पाणीच पोलिसांना प्रत्येक घराचा पत्ता सांगते.

या चित्रपटातील एक गोष्ट मात्र सहसा दुर्लक्षित राहते. केव्हिनचे सर्व सापळे संपल्यावर चोर त्याला पकडतातच. त्या वेळी त्याची सुटका करणारा वृद्ध शेजारी हा, ज्याच्याशी त्याने चर्चमध्ये स्वतःच्या आवाजात, कोणतेही सोंग न घेता संभाषण केलेले असते, तोच होय. उसन्या आवाजाने चोर काही काळ दूर राहिले. परंतु मदतीस माणूस आला तो या संभाषणामुळे. एमीलच्या परवलीच्या शब्दामागे असलेला विश्वास या एका प्रसंगापुरता येथे पुन्हा प्रकट झालेला आहे. म्हणून या विनोदप्रकाराचा अभ्यास करताना चोर किती वेळा आपटले, याबरोबरच मुलाच्या हाकेला ओ देणारा कोणी आहे की नाही, हेही पाहणे अगत्याचे ठरते.