मँचेस्टरच्या नदीवरील पंगत

आमच्या वाशीम जिल्ह्यात नदीत नौकेवर बसून जेवावे, असे कोणी सुचविले तर लोक त्यास वेड्यात काढतील. पैनगंगेला पूर आला की काठावर उभे राहणे धोक्याचे, आणि उन्हाळ्यात तिच्या पात्रातून चालत पलीकडे जाता येते. त्यामुळे इंग्लंडच्या सहलीत मँचेस्टर येथे आम्ही नौकेवरील भोजनाचे तिकीट काढले, तेव्हा जेवणाइतकीच नदीचीही उत्सुकता होती. खरे तर आणखी एक कारण होते. कारंज्याचा कापूस शकुंतला गाडीतून मँचेस्टरला जात असे, हे वाक्य आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तो जेथे उतरत असे ते ठिकाण पाहावे, असे मनात होते.

मेजावर पांढरीशुभ्र चादर, प्रत्येकापुढे काट्या-सुऱ्यांच्या तीन जोड्या. एकेक पदार्थ येई, ताटली उचलली जाई, मग पुढचा. पंगतीत सारे पान एकदम वाढलेले पाहण्याची सवय असणाऱ्यांना हा संथपणा प्रथम जाचतो, मग आवडू लागतो. काचेबाहेर अर्वेल नदी होती. सॉलफर्डकडे जाताना हीच नदी जहाजांच्या कालव्यात मिसळून जाते. सुमारे 58 किलोमीटरचा तो कालवा 1894 साली वाहतुकीस खुला झाला. लिव्हरपूलची बंदरपट्टी चुकवून सागरी जहाजे थेट मँचेस्टरच्या दारात आणावीत, हा त्यामागील व्यापाऱ्यांचा हेतू. गोदी 1982 साली बंद झाली. आता तेथे काचेच्या इमारती उभ्या आहेत.

येथवर सारे आमच्या कल्पनेशी जुळत होते. तारखा जुळवू लागलो आणि घोटाळा झाला.

मँचेस्टरला आमच्या कापसाची खरी निकड भासली ती 1861 ते 1865 या काळात. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली, आणि लँकशायरच्या गिरण्या ओस पडल्या. वऱ्हाड तेव्हा इंग्रजांच्या ताब्यात येऊन जेमतेम दहा वर्षे होत होती. कापसाचे भाव भडकले. पण नागपूरपर्यंत लोहमार्ग पोचला 1867 साली, म्हणजे युद्ध संपून, भाव कोसळून गेल्यावर! त्यापूर्वीच्या काळात वऱ्हाड-नागपूरकडचा कापूस बंजाऱ्यांच्या तांड्यांतून, बैलांच्या पाठीवर, शेकडो मैल दूर मिर्झापूरला जाई व तेथून गंगेत होड्यांवर चढे. ज्या समाजाचे श्रद्धास्थान पोहरादेवी आज आमच्याच जिल्ह्यात आहे, त्या बंजाऱ्यांचे नाव मात्र कापसाच्या या आठवणीत कोणी घेत नाही.

आणि आलेला माल मँचेस्टरला रुचला का? हिंदुस्थानी कापसाला तेथे सरसकट ‘सुरत’ म्हणत. धागा आखूड, त्यात कचरा. अमेरिकी कापसाची सवय झालेल्या यंत्रांवर तो वारंवार तुटे आणि विणकराची मजुरी बुडे. ‘सुरत’ हा शब्दच तिकडे निकृष्टतेचा पर्याय होऊन बसला. अमेरिकी कापूस परतताच गिरण्यांनी आमच्याकडे पाठ फिरविली. पुढे आखूड धाग्याचा हिंदी कापूस मुख्यतः मुंबईच्या गिरण्या, युरोपातील इतर देश आणि जपान यांच्याकडे वळला. मुंबई-जपान नियमित जहाजसेवा 1893 साली सुरू झाली, कालव्याच्या आदल्याच वर्षी.

शकुंतला तर विसाव्या शतकाच्या प्रारंभीची. तेव्हा कारंज्याच्या गाठी मूर्तिजापुरास गेल्या, तेथून बहुतेक मुंबईस; त्यांतील काही थोड्याच या नदीपर्यंत आल्या असतील. उलट दिशेची वाहतूक मात्र निःसंशय होती. मँचेस्टरचे कापड आमच्या बाजारात आले, आणि 1921 साली मँचेस्टरमध्येच बनलेले वाफेचे इंजिन शकुंतलेने 1994 पर्यंत चालविले. आता ती गाडीही बंद पडली आहे.

आवडते वाक्य असे हातातून निसटले की वाईट वाटते. आम्ही गावी त्याचा अभिमानाने उच्चार करीत होतो, जणू जगाच्या गिरणीला आम्हीच सूत पुरविले. गोदीच्या रुंद पात्रात नौका वळली. निवेदकाने फुटबॉलचे मैदान दाखविले, दूरचित्रवाणीची केंद्रे दाखविली. कापसाचा उल्लेख एका वाक्यात उरकला, त्यातही अमेरिकेचेच नाव. पूर्वी आम्ही यावर रागावलो असतो. तेवढ्यात शेवटचा गोड पदार्थ आला. वाढणाऱ्या मुलीने विचारले, तुम्ही कुठले? वाशीम म्हटल्यावर तिला बोध होईना, म्हणून मुंबईच्या पूर्वेस सहाशे किलोमीटरच्या आसपास, असे सांगितले. तिकडे काय पिकते, हा तिचा पुढचा प्रश्न. आता मुख्यतः सोयाबीन, असे आम्ही म्हणालो.