मैदानसेवक ते गोलंदाज : पालवणकर बाळू यांना मिळालेल्या संधीचे ऐतिहासिक स्वरूप

प्रस्तावना :
भारतीय क्रीडा-इतिहासात खेळाडूंच्या पराक्रमाच्या नोंदी विपुल आढळतात. परंतु त्यांना संघात प्रवेश कोणत्या परिस्थितीत मिळाला, याचा विचार तुलनेने कमी झालेला दिसतो. प्रस्तुत लेखात पालवणकर बाळू यांच्या उदाहरणाच्या आधारे संघातील प्रवेश आणि संघातील समान स्थान यांमधील अंतराचा शोध घेण्यात आला आहे.

वेतनातून मिळालेले शिक्षण :
बाळूंचा जन्म १८७६ मध्ये धारवाड येथे चर्मकार कुटुंबात झाला. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील तरुणाला तत्कालीन क्रिकेट क्लबात प्रवेश मिळत असे तो केवळ नोकर म्हणून. पुण्यातील एका पारशी क्लबात दरमहा ३ रुपयांवर त्यांनी खेळपट्टी झाडण्याचे काम स्वीकारले. त्यानंतर युरोपियनांच्या पूना क्लबात त्यांना दरमहा ४ रुपये मिळू लागले. रोलर फिरविणे, जाळी बांधणे आणि सभासदांना सरावासाठी गोलंदाजी करणे, ही त्यांची कामे होती. जे. जी. ग्रेग यांच्यासारख्या कसलेल्या फलंदाजास दीर्घकाळ गोलंदाजी केल्यामुळे त्यांची डावखुरी फिरकी अचूक बनली. फलंदाजीचा सराव मात्र नोकराच्या वाट्यास येत नसे. इंग्लंडमध्ये वेतन घेणारा व्यावसायिक खेळाडू संघात खेळत असे. येथे वेतन घेणारा गोलंदाज संघाबाहेरच राहिला.

प्रवेश आणि त्याच्या मर्यादा :
युरोपियनांवर विजय मिळविण्याच्या ईर्ष्येने पुण्यातील हिंदू संघाने अंतर्गत विरोध डावलून बाळूंना संघात घेतले. मैदानावर त्यांनी हाताळलेला चेंडू सवर्ण खेळाडूही हाताळीत. चहापानाच्या वेळी मात्र त्यांना मंडपाबाहेर मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा दिला जाई. म्हणजेच संघाच्या गरजेपुरती अस्पृश्यता शिथिल झाली होती, नष्ट झाली नव्हती.

प्लेगच्या साथीच्या काळात बाळू मुंबईस आले आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू संघाने युरोपियनांचा १०९ धावांनी पराभव केला. त्या संघात बाळूंसमवेत त्यांचे बंधू शिवराम हेही होते. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखालील भारतीय संघ अनेक सामने हरला. तथापि बाळूंनी त्या दौऱ्यात एकूण ११४ बळी घेतले.

नेतृत्वाचा प्रश्न :
एवढी कामगिरी असूनही हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूंना रीतसर मिळाले नाही. १९२० मध्ये नेतृत्वाच्या प्रश्नावरूनच विठ्ठल व शिवराम या बंधूंनी संघातून माघार घेतली. पुढे बाळूंना उपकर्णधारपद देण्यात आले. अखेर १९२३ मध्ये विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले. बाळूंच्या संघप्रवेशापासून या घटनेपर्यंत पाव शतकाहून अधिक काळ लोटला होता.

निष्कर्ष :
उपरोक्त विवेचनावरून असे दिसते, की बाळूंना संधी मिळाली ती प्रामुख्याने संघाच्या गरजेतून. ती टिकली त्यांच्या कौशल्यामुळे. आणि नेतृत्वाचा हक्क मात्र पालवणकर बंधूंना संघर्षानेच मिळवावा लागला. म्हणून वंचित समाजातील खेळाडूची निवड झाली, एवढ्यावरून एखाद्या संघास समतावादी ठरविता येणार नाही. पंगतीत त्याचे स्थान कोठे होते आणि निर्णयाचा अधिकार कोणाकडे होता, हेही अभ्यासकाने पाहिले पाहिजे. बुलडाण्यासारख्या ग्रामीण जिल्ह्यातील महाविद्यालयांनी आपल्या संघांची निवड करताना हाच निकष स्वतःलाही लावणे अगत्याचे आहे.