लष्करी जीपमधील डिझेल इंजिनांचा टिकाऊपणा

चढण, धूळ, चिखल, थंडी व जादा भार सोसूनही इंजिनाने मोठ्या दुरुस्तीवाचून दीर्घकाळ चालावे, आणि बिघाड झालाच तर तो रानावनातच दुरुस्त करता यावा, या दोन्ही गुणांना मिळून लष्करी वाहनांच्या संदर्भात टिकाऊपणा म्हणतात. दुसऱ्या गुणाचा पुष्कळदा विसर पडतो. महाराष्ट्रात या गुणांचा कस सातारा व सांगली जिल्ह्यांतील ‘वडाप’च्या, म्हणजे खाजगी प्रवासी वाहतुकीच्या, जीपगाड्यांतही लागला आहे.

== रचना ==
डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबली गेल्याने तापते व तीत फवारलेले इंधन आपोआप पेट घेते. पेट्रोल इंजिनात मिश्रण साधारण ८ ते १० पट दाबले जाते, तर जुन्या डिझेल इंजिनांत हवा १६ ते २२ पट. हा दाब पेलण्यासाठी ब्लॉक, दट्टे व क्रँकशाफ्ट भक्कम करावे लागतात. फेरे कमी असल्याने झीजही सावकाश होते. प्लग व ठिणगीची वायरिंग नसल्यामुळे ओढा ओलांडताना इंजिन बंद पडण्याचा धोका कमी असतो. मात्र हवेच्या नळीतून पाणी आत शिरल्यास कनेक्टिंग रॉड वाकतो.

== लष्करातील वापर ==
भारतीय सैन्याच्या मालट्रकांत डिझेल लवकर आले. जबलपूर येथे १९५९पासून तयार झालेला ‘शक्तिमान’ जर्मनीच्या मान कंपनीच्या आराखड्यावर आधारलेला होता. हलकी वाहने मात्र दीर्घकाळ पेट्रोलवरच राहिली: विलीज जीप, १९६९पासूनची जोंगा आणि नंतरची जिप्सी. वजन कमी व थंडीत सुरू होणे सोपे, हे पेट्रोलचे फायदे होते.

== सातारा व सांगलीतील अनुभव ==
पुण्याच्या बजाज टेम्पो (आताची फोर्स मोटर्स) कंपनीच्या ट्रॅक्स गाडीत मर्सिडीजचे ओएम ६१६ हे २.४ लिटरचे डिझेल इंजिन परवान्याने बनवून बसविले जाई. पुढे याच कंपनीच्या गुरखा गाडीतही ते आले. वडापच्या ट्रॅक्समध्ये क्षमतेच्या दुप्पट माणसे बसत व ती पसरणी घाटासारख्या चढणी दुसऱ्या गिअरमध्ये चढत. एवढा भार कोणत्याही लष्करी नियमपुस्तकात सापडणार नाही.

माण, खटाव, आटपाडी व जत या दुष्काळी तालुक्यांत इंजिनाचा खरा शत्रू धूळ असते. एअर फिल्टरच्या सैल नळीतून शिरलेली बारीक वाळू लायनर व रिंगा घासते. मग इंजिन ऑईल पिऊ लागते, निळा धूर येतो आणि अखेर बोअर-पिस्टनचे काम निघते. जुन्या गाड्यांतील तेलात धूळ अडवणारा फिल्टर धुऊन पुन्हा वापरता येई, हा त्याचा मोठा गुण. तेल बदलण्याचा आळस मात्र महागात पडे. याच भागातील कूपनलिकांचे क्षारयुक्त पाणी रेडिएटरमध्ये भरल्यास आत खर साचते, इंजिन तापते व हेड गॅस्केट जाते. पाटण, महाबळेश्वर व शिराळ्याकडे अडचण उलटी: पावसाळ्यात डिझेलमध्ये पाणी उतरून पंप व नोझल गंजतात. थोडक्यात सांगायचे तर, इंजिन जितके लोखंडाने टिकते तितकेच स्वच्छ हवा, पाणी व इंधन यांनी टिकते.

== दुरुस्ती व नवी इंजिने ==
ओएम ६१६मध्ये नोझल शे-सव्वाशे बार दाबाला उघडे. तालुक्याच्या गावचा पंप-नोझल मेस्त्रीही ते काम करी. एकदा सुरू झाले की हे इंजिन बॅटरीविनाही चालत राही. आताच्या कॉमन रेल इंजिनांत हा दाब १,६०० बार किंवा अधिक असतो आणि इंधन कधी व किती सोडायचे हे संगणक ठरवतो. शक्ती वाढली, धूर घटला. पण डिझेलमधील किंचित पाणी वा कचराही त्यांना सोसत नाही, आणि बिघाड शोधायला यंत्र लागते. त्यांना नाजूक म्हणणे अन्यायाचे होईल. तरीही कारखान्यापासून दूर, सीमेवर उभ्या असलेल्या वाहनाच्या दृष्टीने हा फरक लहान नाही.

२०१७मध्ये सैन्याने ३,१९२ टाटा सफारी स्टॉर्म या डिझेल गाड्यांची मागणी नोंदवली. मार्च २०२५मध्ये संरक्षण दलांसाठी २,९७८ फोर्स गुरखा गाड्यांची मागणी जाहीर झाली. आताच्या गुरखात २.६ लिटरचे कॉमन रेल इंजिन असते.