तिरुनीलक्कुडी आणि सकाळची कॉफी

कावेरीच्या खोऱ्यात बदलीवर आलेल्या मराठी माणसास दोन गोष्टी लवकर जडतात : देवळांची ओढ आणि कॉफीची सवय. देवळे पुरातन खरी. कॉफीही तितकीच जुनी असावी, हा समज मात्र चुकीचा होय. व्यंकोजीराजांनी सन १६७६ च्या सुमारास तंजावरास मराठी राज्य स्थापिले व १८५५ साली दुसऱ्या शिवाजीराजांच्या निधनाने ते संपले. परंतु या साऱ्या काळात सामान्य तमिळ घराची सकाळ कॉफीवाचूनच उजाडत असे. रात्रीच्या भातात घातलेले पाणी सकाळी पिण्याचा प्रघात होता. विसाव्या शतकाच्या आरंभी कॉफीने त्याची जागा घेतली. इतिहासकार आ. इरा. वेंकटाचलपती यांनी २००६ मधील आपल्या ग्रंथात हे स्थित्यंतर वर्णिले आहे. कुंभकोणच्या ‘डिग्री कॉफी’ची ख्याती ही त्यानंतरचीच.

म्हणजे ही गरज परंपरेची नव्हे, शरीराने शिकलेली आहे. कॉफीतील कॅफीन हे द्रव्य रुंगे या जर्मन रसायनज्ञाने १८१९ साली वेगळे केले. मेंदूस थकव्याची वार्ता देणाऱ्या अ‍ॅडेनोसीनची वाट ते अडविते. थकवा नाहीसा होत नाही. त्याचा निरोप तेवढा पोहोचत नाही. नेहमीचा पेला चुकला, की १२ ते २४ तासांत डोके दुखू लागते, ते याच सवयीमुळे.

अंतःस्रावांशीही कॉफीचा संबंध आहे. कॅफीनने कॉर्टिसोल हा स्राव काही काळ वाढतो. नित्य पिणाऱ्यांत हा परिणाम मंदावतो. कॅफीनचा निम्मा अंश शरीरातून जाण्यास साधारण ५ तास लागतात; गर्भारपणाच्या अखेरीस मात्र १५ तासांपर्यंत, आणि संततिनियमनाच्या गोळ्यांनीही ही मुदत जवळजवळ दुप्पट होते. म्हणून गर्भवतीने दिवसाकाठी २०० मिलिग्रॅमहून अधिक कॅफीन घेऊ नये, असे सांगतात. थायरॉईडची गोळी कॉफीबरोबर घेतल्यास ती नीट शोषली जात नाही.

कॉफीची तल्लफ म्हणजे हार्मोनचा रोग, असे मुळीच नाही. परंतु पूर्वी दोन पेल्यांवर भागत असे, आता पाच पेल्यांनीही अंग जड राहते, असे होऊ लागल्यास त्यामागे थायरॉईडची मंदता, रक्तक्षय, मधुमेह वा अपुरी झोप असू शकते. अशा वेळी सहावा पेला मागविण्यापेक्षा रक्त तपासून घेणे शहाणपणाचे.

कुंभकोणजवळील तिरुनीलक्कुडी येथे नीलकंठेश्वराच्या पिंडीस तिळाच्या तेलाचा अभिषेक होतो. हलाहलाने झालेला कंठदाह देवीने तेल लावून शमविला, अशी तेथील कथा. विष कंठी धारण करण्याचे सामर्थ्य देवास होते. तरीही त्याचा दाह कोणाच्या तरी ध्यानी आला आणि त्यावर उपचार झाला. घरापासून दूर, एकट्याने नोकरी करणाऱ्या आपल्यासारख्यांचा थकवा ओळखणारे माणूस बहुधा जवळ नसते. तेथे ते काम आपले आपणच करावयास हवे.