सायकलीच्या बैठकीची कथा



सायकलीचा इतिहास आजवर पुष्कळांनीं लिहिला आहे. चाकाचा लिहिला, साखळीचा लिहिला, हवेच्या टायरचा तर फारच कौतुकानें लिहिला. परंतु सायकलीच्या ज्या भागाशीं स्वाराचा सर्वांत निकटचा, आणि पुष्कळदां सर्वांत दुःखाचा, संबंध येतो, त्या बैठकीविषयीं, म्हणजे आपण जिला सीट म्हणतों तिच्याविषयीं, चार शब्द बोलण्यास लोक संकोचतात. हा संकोच मला स्वतःला किती महाग पडला तें ओघानें येईलच. आरंभ मात्र जर्मनीपासून करतों.

बाडेन संस्थानांत कार्ल फॉन द्राइस नांवाचे एक वनाधिकारी होते. १२ जून १८१७ रोजीं ते मॅनहाइम शहराहून आपलें लांकडी यंत्र घेऊन निघाले. त्याला दोन चाकें होतीं, पण पायडल नव्हतें. स्वारानें मध्यें बसावें आणि पायांनीं जमीन मागें लोटीत जावें, अशी योजना होती. गंमत अशी कीं, पायडल सुचण्यापूर्वीं या गृहस्थांना गादी सुचली. बसण्याची जागा त्यांनीं मऊ केली होती, आणि हातांच्या कोपरांना टेकण्यासाठीं पुढें एक गादीची फळीहि बसविली होती. शरीराचा भार एकट्या बैठकीवर पडूं नये, हें तत्त्व पहिल्याच दुचाकीच्या जनकाला उमगलें होतें असें म्हणावयास हरकत नाहीं.

पुढें १८६० नंतर फ्रान्समध्यें पुढच्या चाकाला पायडल लागलीं. या नव्या गाडीचीं चाकें लांकडी व त्यांवर लोखंडी धाव, आणि खालीं दगडी फरसबंदीचे रस्ते! इंग्रजांनीं तिला जें नांव दिलें त्याचा मराठींत अर्थ ‘हाडें खिळखिळीं करणारी’ असा होतो. बैठकीखालीं पोलादाची एक लांबलचक पट्टी स्प्रिंगसारखी घातलेली असे, तरी नांव कांहीं बदललें नाहीं. त्यानंतर आली ती उंच चाकाची सायकल. तिचें पुढचें चाक पुरुषभर उंचीच्या जवळपास जाई. मोठें चाक खड्ड्यांवरून सहज निघून जातें, म्हणून धक्के कमी झाले. पण धक्क्यांऐवजीं डोक्यावर आपटण्याचें भय आलें. बैठकीपुरतें बोलायचें तर एवढ्या उंचावर चामड्याच्या एका लहानशा तुकड्यावर माणूस बसलेला असे.

येथें एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. पुष्कळांना वाटतें कीं, सायकलीची सीट म्हणजे घोड्याच्या खोगिराचीच धाकटी बहीण. तसें नाहीं. घोडेस्वाराच्या मांड्या घोड्याच्या अंगाला भिडून असतात आणि बराचसा भार पेलतात. सायकलस्वाराच्या मांड्या मिनिटाला साठ-साठ वेळां वरखालीं होत असतात. त्यांना भार देतां येत नाहीं, आणि घांसल्या तर सोलवटतात. म्हणून सीटचा पुढचा भाग अरुंद करावा लागतो. आतां भार घ्यावयाचा कोणीं? आपल्या कंबरेच्या सांगाड्याच्या तळाशीं उजवीकडे व डावीकडे एकेक हाडाचा उंचवटा असतो. कठीण बांकावर मांडी न घालतां ताठ बसलें म्हणजे तीं दोन हाडें स्पष्ट टोंचतात. बसण्यासाठीं निसर्गानें दिलेल्या बैठका त्या याच. बहुतेक माणसांत त्यांच्यांतील अंतर सुमारें १० ते १४ सेंटिमीटर असतें आणि स्त्रियांत तें सामान्यतः अधिक असतें. या दोन हाडांच्या मधोमध जो नाजूक भाग आहे, त्यांतून रक्तवाहिन्या व मज्जातंतू जातात. भार हाडांवर पडला तर माणूस तासन्‌तास बसूं शकतो. मध्यें पडला तर प्रथम मुंग्या, मग बधिरपणा, मग वेदना. सीटचा सगळा इतिहास म्हणजे या एका गोष्टीचा शोध, विसर आणि पुन्हां शोध आहे.

शोधाचा पहिला मोठा टप्पा इंग्लंडांतील बर्मिंगहॅम शहरीं झाला. जॉन बोल्टबी ब्रुक्स हे घोड्यांचें चामडी सामान करणारे कारखानदार. १८७८ सालीं त्यांचा घोडा मेला, दुसरा घेण्याची ऐपत नव्हती म्हणून त्यांनीं कामावर जाण्यासाठीं एक सायकल उसनी घेतली, आणि तिच्या बैठकीनें इतके हैराण झाले कीं स्वतःच नवी करावयास बसले, अशी हकीकत त्यांची कंपनी सांगत आली आहे. घोड्याच्या गोष्टींत तिखटमीठ किती हें कोण सांगणार! पण १८८२ सालचें पेटंट खरें आहे. त्यांच्या सीटमध्यें गादी नव्हतीच. जाड कातडें पुढच्या नाकापासून मागच्या पट्टीपर्यंत झोळीसारखें ताणून बसविलेलें असे, आणि सैल पडल्यास नाकाखालचा बोल्ट पिळून पुन्हां ताणतां येई. नवी असतांना ही सीट पाटासारखी कठीण लागे. परंतु कांहीं आठवड्यांनीं स्वाराच्या दोन हाडांखालीं कातडें दबे आणि तेथें दोन वाट्या तयार होत.

माझ्या वडिलांच्या जुन्या सायकलीची अशाच धर्तीची स्प्रिंगांची कातडी सीट आमच्या माळ्यावर अद्याप आहे. तिच्यावर त्या दोन वाट्या स्पष्ट दिसतात. डावी उजवीपेक्षां किंचित्‌ खोल आहे. वडील डाव्या अंगावर कललेले बसत, हें मला त्या कातड्यावरून कळलें. ते हयात असतांना तें कधीं लक्षांत आलें नव्हतें.

१८८५ सालीं कॉव्हेंट्री येथें जॉन केम्प स्टार्ली यांनीं सारख्या उंचीच्या दोन चाकांची साखळीची सायकल केली. १८८७ सालीं बेलफास्टचे पशुवैद्य डनलॉप यांनीं आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठीं हवेचा टायर केला. त्यानंतर युरोप-अमेरिकेंत सायकलीचें जणूं वेडच लागलें, आणि स्त्रिया मोठ्या संख्येनें सायकलीवर बसूं लागल्या. लागलीच डॉक्टर आणि नीतिवादी जागे झाले! स्त्रियांनीं असल्या आसनावर बसणें योग्य कीं अयोग्य, यावर वैद्यकीय मासिकांतून लेखावर लेख पडूं लागले. पुष्कळांची चिंता अशी होती कीं, या बैठकीनें स्त्रियांचें शील बिघडेल. त्यांना दुखतें कीं काय, हा प्रश्न मागें राहिला. अपवाद होते. ब्रुकलिनचे स्त्रीरोगतज्ज्ञ रॉबर्ट डिकिन्सन यांनीं १८९५ सालीं लिहिलेल्या निबंधांत सायकलीचा सरसकट निषेध न करतां सीटचा आकार आणि ती बसविण्याची रीत यांचा बारकाईनें विचार केला.

आणि याच सुमारास ती सीट बाजारांत आलीहि होती. अमेरिकेंत ‘क्रिस्टी’ नांवाची एक सीट विकली जाई. तिला दोन हाडांखालीं दोन वेगळ्या गाद्या असून मध्यें मोकळी जागा होती. तिच्या जाहिरातींत माणसाच्या कंबरेच्या सांगाड्याचें चित्र काढून, साध्या सीटवर हाडें कशीं अधांतरीं राहतात आणि या सीटवर कशीं टेकतात, हें दाखविलेलें असे. मी तें चित्र प्रथम पाहिलें तेव्हां मला स्वतःची लाज वाटली. एका जाहिरातवाल्यानें जें शंभर वर्षांपूर्वीं चित्र काढून समजाविलें, तें मी मुलांना शरीरशास्त्र शिकवीत असतांनाहि कधीं समजून घेतलें नव्हतें.

ही विद्या हरवली कशी? शतकाच्या अखेरीस सायकलीचें वेड ओसरलें, कारखाने बुडाले आणि असल्या निरनिराळ्या सीटचा बाजार आटला. पुढें सायकलीचा आदर्श ठरविला तो शर्यतवाल्यांनीं. शर्यतवाला पुढें वांकलेला असतो, पुष्कळसा भार पायडलांवर व हातांवर घेतो, म्हणून त्याला अरुंद सीट चालते. ती दिसावयासहि डौलदार. १९६० नंतर इटलींत प्लॅस्टिकच्या सीट निघाल्या आणि चामड्याच्या वाट्याहि गेल्या. शिवाय शर्यतवाल्यांत दुखण्याचा उच्चार करणें हा भित्रेपणा समजला जाई. त्यांची स्थिति तरी काय होती? १९८७ सालीं स्पेनच्या मोठ्या शर्यतींत आयर्लंडचा शॉन केली सर्वांच्या पुढें होता. शर्यत संपण्यास थोडेच दिवस उरले असतां बैठकीच्या जागीं झालेल्या गळवामुळें त्याला उतरावें लागलें. १९८९ सालच्या फ्रान्सच्या शर्यतींत लोराँ फिन्यों शेवटच्या दिवशीं सकाळीं ५० सेकंदांनीं आघाडीवर होता. सीटच्या जखमेनें आदल्या रात्रीं त्याला झोंप नव्हती. २४.५ किलोमीटरांच्या त्या शेवटच्या धांवेंत ग्रेग लेमाँडनें त्याला मागें टाकलें आणि सव्वातीन हजार किलोमीटरांची शर्यत फिन्यों ८ सेकंदांनीं हरला. लेमाँडच्या सायकलीला वारा कापणारा नवा हँडल होता, हें खरें; सगळा दोष सीटच्या माथीं मारणें न्यायाचें होणार नाहीं.

आतां माझी हकीकत. माझी शाळा घरापासून सात किलोमीटर. चाळिशीनंतर मला सायकलीवर बधिरपणा येऊं लागला. कोणाला सांगणार? घरींहि बोललों नाहीं. मीं आपला बाजारांतून स्पंजाचा एक जाड खोळवजा तुकडा आणून सीटवर चढविला. चार दिवस बरें वाटलें आणि मग दुखणें दुप्पट झालें. मीं आणखी जाड स्पंज आणला! मऊ गादींत हाडें खालीं रुततात आणि मधला स्पंज वर येऊन नेमका नाजूक भागावर दाबतो, हें मला फार उशिरां कळलें. सायकल विकण्याच्या विचारानें मी गल्लींतल्या दुरुस्तीवाल्याकडे गेलों. त्यानें सायकलीकडे एकवार पाहिलें आणि म्हणाला, “गुरुजी, सीटचं नाक वर आहे तुमचं. किती वर्षं असं चालवताय?” त्यानें पान्यानें बोल्ट सैल केला, सीट सपाट केली, अर्धा इंच खालीं घेतली आणि स्पंज काढून फेंकून दिला. सीट फार उंच असली म्हणजे पाय पुरविण्यासाठीं कंबर दोन्हीकडे हेलकावते व कातडी घांसली जाते, असेंहि त्यानें सांगितलें. पैसे मात्र घेतले नाहींत.

पाश्चात्य देशांत संकोच सुटला तो १९९७ च्या सुमारास. बोस्टनचे डॉक्टर अर्विन गोल्डस्टाइन यांनीं सायकलीच्या सीटमुळें पुरुषत्वास धोका पोंचतो असा इशारा दिला आणि मोठीच खळबळ उडाली. कारखानदारांनीं घाईघाईनें मध्यें पोकळी असलेल्या सीट काढल्या, म्हणजे क्रिस्टीची युक्ति शंभर वर्षांनीं पुन्हां उजेडांत आली. त्या इशाऱ्यांत अतिशयोक्ति होती असें पुढील संशोधनावरून दिसतें. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणींत सायकलस्वार पुरुषांचें आरोग्य या बाबतींत पोहणारे व धांवणारे यांच्यासारखेंच आढळलें. बधिरपणा मात्र त्यांच्यांत अधिक होता. २००८ सालचा एक प्रयोग मला विशेष वाटतो. अमेरिकेंत सायकलवरून गस्त घालणाऱ्या ९० पोलिसांना सहा महिने नाक नसलेली सीट देण्यांत आली. आरंभीं बधिरपणा येत नाहीं असें सांगणारे २७ टक्के होते. अखेरीस ते ८२ टक्के झाले.

हे आंकडे वाचतांना मला माझ्या वर्गांतली एक मुलगी आठवली. सातवींत होती. घरीं भावाची सायकल असतांना ती रोज चार किलोमीटर पायीं येई आणि उशिरा पोंचे. मीं तिला दोनतीनदां वर्गांत उभें करून विचारलें कीं, सायकल असतां पायीं कां येतेस? ती खालीं पाहून गप्प राहिली. मीं तो आळस समजलों आणि हजेरींत उशिराची खूण केली. तिची सायकल एकदां तरी पाहावी, सीटचें नाक कोणीकडे आहे तें तपासावें, असें त्या वर्षभरांत मला सुचलें नाहीं.