तळटीप : तारेच्या टोकाशी होणारी दुरुस्ती

१४. इक्वलायझेशन : मूळ मजकुरात हा शब्द ओझरता आला आहे, म्हणून थोडा खुलासा. तांब्याच्या तारेत सगळ्या वारंवारिता सारख्या क्षीण होत नाहीत. वारंवारिता वाढते तसा प्रवाह तारेच्या पृष्ठभागाकडे सरकतो, रोध वाढतो. भोवतीचे इन्सुलेशनही ऊर्जा खाते. परिणामी, टोकदार निघालेला स्पंद पसरट होऊन पोचतो आणि त्याची शेपटी पुढच्या बिटवर चढते. नुसता संकेत मोठा करून भागत नाही, कारण बिघडलेला आकारच मोठा होतो. म्हणून रिसीव्हर वरच्या वारंवारिता जास्त उचलतो; हेच इक्वलायझेशन. त्यात गोंगाटही उचलला जातो. दुसरा उपाय, ओळखलेल्या बिटची शेपटी हिशेबाने वजा करणे. त्यात गोंगाट वाढत नाही, पण एक बिट चुकले की पुढचीही चुकू शकतात. या दुरुस्तीची मात्रा आपोआप ठरवण्याची रीत बेल लॅब्जच्या रॉबर्ट लकी यांनी १९६५मध्ये मांडली.

भारत संचार निगमचे ब्रॉडबँड २००५मध्ये टेलिफोनच्या जोडतारेवरूनच सुरू झाले. मूलसारख्या तालुक्याच्या गावी एक्स्चेंजपासून घर जितके लांब, तितका वेग कमी असे, तो तारेतल्या या घटीमुळेच. मोडेम लावल्यावर दिवा काही वेळ लुकलुकत राही. तेवढ्या वेळात दोन्ही टोके ठरावीक संकेत पाठवून तार जोखत. पुढे ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना २०११मध्ये मंजूर झाली. फायबरमध्ये घट फार कमी. तरी यंत्रातल्या सर्किट बोर्डावर तांबेच असल्याने इक्वलायझेशन तिथेही लागतेच. – संपा.