भोपळा, कर्ब आणि जवारी

ग्रंथ म्हटला कीं कागद, असा सर्वसाधारण समज असतो. परंतु आमच्या अंबाजोगाईस दासोपंतांनीं 'पंचीकरण' हें प्रकरण सुमारें चाळीस फूट लांब व चार फूट रुंद अशा पासोडीवर लिहिलें, आणि वस्त्रावर उतरल्यानें त्याचें ग्रंथपण उणावलें नाहीं. द्रव्य बदलावें आणि वस्तूचा जीव तोच राहावा, हें वाद्यांतही साधतें काय? या प्रश्नाचा विचार करावयास मिरजेच्या सतारमेकर गल्लीहून चांगलें ठिकाण आम्हांस माहीत नाहीं.

या गल्लींतील कारागिरांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे शस्त्रांस धार व झळाळी देणारे. पेशवाई १८१८ त बुडाली आणि तलवारीचें काम हळूहळू मंदावलें. तेव्हां, १८५० च्या सुमारास, फरीदसाहेब शिकलगार यांनीं पटवर्धनांच्या मिरजेंत तंतुवाद्यें घडविण्यास आरंभ केला. पोलाद पारखणारा हात भोपळ्याकडे वळला, ही गोष्ट राजवंशांच्या सनावळ्यांपेक्षां आम्हांस अधिक वाचनीय वाटते. पुढें अब्दुल करीमखाँ मिरजेंत राहिले. १९३७ त ते वारले, त्यांची कबरही तेथेंच आहे. असा जाणता गवई गल्लीच्या शेजारीं असल्यावर कारागिराचा कान तयार न झाला तरच नवल!

भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतो. तो वाळवून, भिजवून, आंतून कोरून घ्यावयाचा. त्यास तुणाच्या लाकडाची दांडी व तबली जोडावयाची. एवढें काम चिकाटीनें शिकतां येतें. खरी परीक्षा जवारीची. ज्या घोडीवरून तारा जातात, तिचा माथा केसभर उतार देऊन घासावयाचा. मग तार व घोडी यांच्यामध्यें सुताचा धागा सरकवीत सरकवीत अशी जागा शोधावयाची कीं एका षड्जांतून वरचे अनेक स्वर आपोआप फुलावेत. तारेच्या ज्या बिंदूवर आघात होतो, तेथें ज्यांचा निश्चल बिंदु पडतो ते उपस्वर उमटूं नयेत, असा यंग व हेल्महोल्ट्झ यांचा नियम. तंबोऱ्यांत ते उमटतात, हें चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं १९२१ त दाखविलें. कारागीर तें पूर्वींच कानानें जाणत होता.

आतां दुसरें टोक पाहूं. अमेरिकेंत १९७७ च्या सुमारास बास गिटारची मान लाकडाऐवजीं कर्बतंतूंची करण्याचे प्रयोग झाले. त्यांमागें जेफ गूल्ड हा अवकाशयानांच्या उद्योगांतील अभियंता होता. ब्रुकलिनमधील नेड स्टाइनबर्गर हा मूळचा फर्निचरचा रचनाकार. त्यानें लौकरच राळेंत बसविलेल्या कर्बतंतूंचें, डोकें नसलेलें बास गिटारच बनविलें. लाकूड हवेनें वांकतें, कांहीं जागीं त्याचा स्वर मरतो. कर्बास हे दोष जवळजवळ नाहींत. तें वाद्य विजेवर ऐकावयाचें, म्हणून अंगानें ताठ राहिलें कीं पुष्कळ झालें.

म्हणून कर्बाविषयीं आम्हांस भय वाटत नाहीं. उद्या कोणी तंबोऱ्याचें अंग कर्बाचें केलें, तरी जवारी कोणातरी मनुष्यासच काढावी लागेल. भय आहे तें १९७९ त बंगळुरास राज नारायण यांनीं तयार केलेल्या विजेच्या तंबोऱ्याचें, आणि त्याच्या पाठोपाठ भ्रमणध्वनींत शिरलेल्या तंबोऱ्याचें. एकट्यानें रियाज करणाऱ्या मुलांची त्यानें मोठी सोय झाली, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु त्यांत जवारी काढणारा हातच लागत नाहीं.

मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ त भौगोलिक मानांकन मिळालें. त्यानें नांवाचें रक्षण होईल. हाताचें रक्षण निराळें आहे. तरुण मुलें या बैठ्या, मंदगती कामाकडे सहजीं वळत नाहींत, आणि ज्यास जवारी वर्षानुवर्षें गुरूजवळ बसूनच शिकावी लागते, त्यास तोंवर पोटाचा प्रश्न थांबत नाहीं. तारेच्या घर्षणानें घोडी झिजते, जवारी उतरते. तंबोरा पुन्हां मिरजेस न्यावाच लागतो. आणि तो न्यावयाचा तर मुळांत घरीं तंबोरा असावा लागतो.